सदतीस नंबरचं गिऱ्हाईक

पालघरच्या बाजारपेठेत भगवंत कोण, हे विचारायची वेळ कुणावर आली नसेल. दुकान त्याचं नव्हतं. दुकान शेठचं, पण लोक म्हणायचे, ‘भगवंतकडं जाऊन कापड घेऊ.’ म्हातारे शेठ होते तोवर त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. उलट हसून म्हणायचे, पाटी माझी आणि गिऱ्हाईक भगवंतचं. नगरकडच्या कोरडवाहू मुलखातून हा गडी अठराव्या वर्षी इथं आला आणि तीस वर्षं एकाच गादीवर मांडी घालून बसला. मांडीची सवय इतकी, की घरी पाटावर जेवताना बायको रखमाबाई म्हणायची, अहो, मी काही लुगडं मागत नाही, जरा ऐसपैस बसा.

माणूस दारात आला की भगवंतला कळायचं. केळव्याची बागायतदारीण रंगाकडं बघत नाही, पोताला हात लावते. डोंगरातली बाई आली तर तिच्यापुढं लांबरुंद नऊवार उलगडायचं नाही; तिला आखूड लागतं, आणि नऊवार उलगडलं की ती लाजून नको म्हणत निघून जाते. खाडीपलीकडच्या मुरब्याची बाई घासाघीस करणार म्हणजे करणार, तिला पहिल्या बोलीला कापड दिलं तर तिला वाटतं आपण फसलो. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. ते भगवंतच्या डोक्यात होतं, आणि डोक्यापेक्षा जास्त त्याच्या डोळ्यांत होतं.

आणि एक गिऱ्हाईक असं, की ज्याची ओळख फार जपून ठेवावी लागते. घरात मढं ठेवून आलेलं गिऱ्हाईक. ते बोलत नाही. त्याला पांढरं कापड कात्रीनं कापून द्यायचं नसतं, हातानं टरकवून द्यायचं. भाव करायचा नाही, ‘पुन्हा या’ म्हणायचं नाही. तेही ‘येतो’ म्हणत नाही, मुकाट उठून जातं. पण पांढरं मागणारा तरी कुणालाही ओळखू येईल. खरी पारख असते हिरवं मागणाऱ्याची. नवरा जिवंत असताना बाई गेली, अहेव गेली, की तिला शेवटचं लुगडं नेसवायचं ते माहेरचं. हिरवंगार, कोऱ्या घडीचं. ते घेऊन जायचं भावानं. आता हिरवं लुगडं तर नवरीलाही लागतं. तेच दुकान, तेच कपाट, तोच ढीग. आणि बहिणीसाठी ते मागायला आलेला भाऊ तोंडानं सांगत नाही, कारण शेजारी कुणाची तरी नवरी बस्ता बांधायला बसलेली असते. भरल्या बस्त्यात मरणाचं नाव काढून दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नाला अपशकुन कोण करील? तो नुसता म्हणतो, हिरवं द्या. बाकीचं दुकानदारानं ओळखायचं. भगवंत अशा माणसाला दुसरा शब्द विचारत नसे. घडी न मोडता लुगडं कागदात गुंडाळायचा, मागच्या दारानं त्याला वाट करून द्यायचा, आणि पुढं बसलेल्या नवरीला पत्ताही लागत नसे.

म्हातारे शेठ गेले आणि त्यांचा मुलगा चंद्रभान गादीवर आला. गादीवर म्हणजे म्हणायला. त्यानं आल्या आल्या गादीच काढून टाकली. मुंबईत त्याच्या मामांचं मोठं कापडाचं दुकान होतं, तिथली पद्धत त्यानं उचलली. कापड दाखवायला कमरेएवढ्या उंच फळ्या घातल्या, काचेची कपाटं केली, गिऱ्हाइकाला बसायला बाक. दारात पहारेकरी. तो विचारणार, काय घ्यायचंय; आणि तसा पितळी बिल्ला हातात देणार. लग्नाचं कापड डावीकडं, रोजचं उजवीकडं. नंबर पुकारला की उठायचं. मामांच्या दुकानात दहा वर्षं काढलेला बन्सी नावाचा विक्रेता त्यानं मुद्दाम आणून लग्नाच्या फळीवर उभा केला.

पद्धत वाईट होती असं कुणी म्हणू नये. पूर्वी वैशाखात दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. ज्याचा आवाज मोठा त्याला कापड आधी मिळायचं, आणि डोंगरातली माणसं दुपारपर्यंत पायरीवर बसून राहायची. आता तसं नव्हतं. बिल्ला सगळ्यांना सारखा. वारली माणसाचा नंबर आधी असला तर सावकाराला थांबावं लागे, आणि हे बघून खुद्द भगवंतलाही बरं वाटलं होतं. चंद्रभान काही उलट्या काळजाचा नव्हता. भगवंतनं सांगितलं म्हणून त्यानं पांढऱ्या कापडाला रांगच ठेवली नाही. पांढरं मागणाऱ्याला पहारेकऱ्यानं थेट आत सोडायचं, असा नियम केला. हिरव्याचाही विषय भगवंतनं काढून बघितला होता. चंद्रभान म्हणाला, भगवंतराव, हिरवं तर सगळेच मागतात. ओळखायचं कसं, तेवढं सांगा, लगेच नियम करतो. भगवंतला सांगता येईना. डोळ्यांवरून म्हणावं तर नियम कसा लिहिणार? तो म्हणाला, बघू, आणि विषय तिथंच राहिला.

भगवंतला चंद्रभाननं विक्रीतून काढून उंच खुर्चीवर बसवलं. काम देखरेखीचं. नंबर पुकारायचे, वहीत टिपायचे, कापडाला हात लावायचा नाही आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. बोललं की रांग अडते. हे त्याला जड गेलं. पण त्यामागं एक आमिष होतं, आणि ते लहान नव्हतं. तिकडं तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम जोरात चाललं होतं. बोईसर स्टेशनात रोज नवी माणसं उतरत होती. देशावरची, परप्रांतातली, साहेबलोक, मजूर. चंद्रभान बोईसरला दुसरं दुकान काढणार होता. तिथला कारभारी भगवंत, आणि दुकानामागं राहायला दोन खोल्या, हवेशीर, दारात स्वतःची विहीर. रखमाबाईला दमा. पालघरची त्यांची एकच खोली, तिच्या भिंतीला बारा महिने ओल. पावसाळ्यात ती रात्र रात्र उशी पोटाशी धरून बसून काढायची. बोईसरच्या खोल्यांचं कळल्यापासून ती पोरीसारखी झाली होती. विहिरीला रहाट आहे का, हे तिनं चारदा विचारलं.

अट एकच. वैशाखाची लगीनसराई नव्या पद्धतीनं, एकही गोंधळ न होता पार पडली पाहिजे. मधे एकदा भगवंत राहवेना म्हणून खुर्चीवरून उतरला होता. केळव्याशेजारच्या माहीमची एक आंधळी म्हातारी चुकून लग्नाच्या बाकावर बसली होती, तिला त्यानं हाताला धरून उजवीकडं नेलं, आणि नेता नेता चार गोष्टी केल्या. तेवढ्यात दोन नंबरांची अदलाबदल झाली आणि बाचाबाची झाली. त्या संध्याकाळी चंद्रभाननं त्याला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, “भगवंतराव, मला तुमच्याविषयी आदर आहे. पण पुन्हा खुर्चीवरून उतरलात तर बोईसरला दुसरा माणूस बसेल.”

भगवंतनं मान हलवली. मनात म्हणाला, चार दिवस कळ काढायची. तिकडं गेल्यावर आपलं आपण बघू.

त्यानंतर आठवड्याभरात, वैशाख बीजेच्या दिवशी, चंद्रभानचे मामा मुंबईहून दुकान बघायला आले. आपली पद्धत पालघरसारख्या गावात चालते का, हे त्यांना बघायचं होतं. सकाळपासून दुकान गच्च. भगवंत खुर्चीवर, कोपऱ्यात मामा आणि चंद्रभान. पावणेअकराच्या सुमाराला बाविसावा नंबर चालू होता, तेव्हा दारात सुका उभा राहिला.

हा माहीमचा मासेमारी करणारा. भगवंत त्याला चांगला ओळखत होता. चार वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीचा, लाडकीचा, बस्ता याच दुकानात बांधला होता. ती पोर भलती चोखंदळ. अर्धं दुकान उपसायला लावलं, आणि वर भगवंतलाच म्हणाली, दादा, चांगली लुगडी तू आत लपवून ठेवतोस ना? सगळे हसले होते. मुरब्याला दिली होती तिला. आईबाप नव्हते, सुकानंच वाढवली होती.

पहारेकऱ्यानं विचारलं, काय घ्यायचं? सुका म्हणाला, हिरवं लुगडं. पहारेकऱ्यानं नियमाप्रमाणं लग्नाचा बिल्ला हातात दिला. सदतीस. सुका बिल्ल्याकडं बघत राहिला, मग बाकाच्या टोकाला जाऊन बसला. एकटा. बस्त्याला कधी कुणी एकटं येतं का? बाया नाहीत, पोरं नाहीत, बरोबर हौसेनं आलेला शेजारी नाही. सदऱ्याच्या गुंड्या खालीवर लागलेल्या. शेजारी नवरी होती, तिच्या मावश्या होत्या, त्यांचा गलका चाललेला; त्यांच्यापासून तो हातभर सरकून बसला, आपला स्पर्श होऊ नये म्हणून. लाडकी गेली. त्याला दुसरं काही वाटलंच नाही, शंकाही आली नाही.

सुकानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात मागणं होतं. भगवंतदादा, तुला कळलंय, आता उठ. एवढंच. भगवंत खुर्चीच्या काठापर्यंत सरकला. आणि त्याला कोपऱ्यातले मामा दिसले, हातात घड्याळ घेतलेले. चंद्रभान त्यांना काहीतरी दाखवत होता. भगवंतनं खाली वहीत बघितलं आणि तेवीस नंबर पुकारला.

माणसाचं मन मोठं लबाड. ते लगेच वकिली करायला लागतं. म्हणालं, कशावरून? दुसऱ्या कुणाचं लग्न असेल. घाईत एकटाच आला असेल. आणि तसलं काही असतं तर तो बोलला नसता का? भगवंतला पक्कं ठाऊक होतं की तो बोलणार नाही. शेजारी नवरी बसलेली असताना तो जीव गेला तरी बोलणार नाही. तरी भगवंतनं स्वतःला विचारलं, बोलत का नाही हा? आणि त्या विचाराच्या आड तो दडून बसला.

मासे मारणाऱ्यांची घाई भगवंतला तीस वर्षांत पाठ झाली होती. बीज म्हणजे दुपारी दीडला भरती. मुरब्याला जायचं तर सातपाटीहून खाडी ओलांडायची, आणि होडी चालते पाणी असेपर्यंत. अडीचनंतर काठाला नुसता चिखल. सातपाटीची एस.टी. सव्वाबाराला. ती मिळाली तर पोचेल. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा भगवंतला बघायचा नव्हता आणि त्याची नजर तिथून हलत नव्हती. तीस. एकतीस. एकतीस नंबरच्या बाईनं चौदा लुगडी उलगडायला लावली.

सदतीस पुकारला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बन्सी हा कामाला वाघ. गोड बोलणारा, कुणाला तुच्छ न लेखणारा. त्यानं हात जोडून सुकाला पुढं घेतलं आणि पद्धतीप्रमाणं आधी त्याचं तोंड गोड केलं. लग्नाच्या गिऱ्हाइकाला पेढा, हा चंद्रभानचाच नियम. सुकाच्या तळहातावर पेढा. तो खाईना, टाकीना, मूठ मिटून उभा राहिला. बन्सीनं विचारलं, नवरी कोण? सुका म्हणाला, बहीण. “वा, भाग्यवान आहे,” बन्सी म्हणाला आणि हिरवं लुगडं त्यानं सर्रकन उलगडलं, पदर आपल्या खांद्यावर टाकून काठ दाखवले. उलगडलेलं लुगडं बघून सुकाचा चेहरा कसा झाला, ते भगवंतनं बघितलं. सुका म्हणाला, घडीचं द्या. बन्सीला वाटलं, डाग बघतोय. त्यानं दुसरं उलगडलं.

“मुहूर्त कधीचा?” बन्सीनं विचारलं.

“आज,” सुका म्हणाला.

“आजच? अहो, मग इतका उशीर का केलात?”

सुकानं मान फिरवून घड्याळाकडं बघितलं. अजूनही उठता आलं असतं. दोन पावलं टाकायची, बन्सीच्या हातातलं काढून घ्यायचं, कोरी घडी काढून द्यायची. इतकंच. त्याचे पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर होते, ते तिथंच राहिले.

बन्सीनं लुगडं पुन्हा घडी घालून, लाल कागदात बांधून, हसऱ्या चेहऱ्यानं हातात दिलं आणि म्हणाला, अशाच शुभकार्याला पुन्हा या. सुका दाराबाहेर पडला तेव्हा साडेबारा झाले होते. एस.टी. केव्हाच गेली होती. पायरीवरून तो पळत सुटला, ते भगवंतला दारातून दिसलं.

मामा निघताना म्हणाले, शाबास. भांडण नाही, आरडाओरडा नाही, प्रत्येकाला सारखी वागणूक. संध्याकाळी चंद्रभाननं भगवंतच्या पाठीवर हात ठेवला आणि बोईसरच्या खोल्यांची किल्ली त्याच्या हातात दिली. रखमाबाईनं ती कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. तिला आनंदानं खोकला आला. भगवंत जेवला नाही. म्हणाला, उन्हानं डोकं दुखतंय. बायकोला सांगावं असं त्याला तीनदा वाटलं. पण सांगणार काय? तुझ्या विहिरीसाठी मी एका भावाकडं पाठ फिरवली, असं?

दोन-तीन दिवसांत बाजारात येणाऱ्या मासळीवाल्या बायकांकडून त्याला अर्धंमुर्धं कळलंच. लाडकी बाळंतपणात गेली होती, पहाटे. मूलही गेलं. पुढचं त्यानं कुणाला विचारलं नाही. नंबर पुकारायला लागला की सदतीसला त्याची जीभ अडायची, आणि तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा. रविवारी तो रखमाबाईला घेऊन बोईसरला खोल्या बघून आला. ती भिंतींना हात लावून बघत होती, कोरड्या आहेत म्हणून हसत होती. त्याला ते बघवेना. तो विहिरीवर जाऊन उभा राहिला.

बारावा दिवस झाल्यावर सुका आला.

दुपारची वेळ, दुकानात दहाबारा माणसं. पहारेकऱ्यानं बिल्ला पुढं केला, तो सुकानं घेतला नाही. सरळ खुर्चीसमोर येऊन उभा राहिला आणि काखेतलं पुडकं भगवंतच्या वहीवर ठेवलं. लाल कागद तसाच, फक्त वाळलेल्या चिखलानं राखाडी झालेला. चंद्रभान आतून लगबगीनं आला. त्याला वाटलं, माल पसंत नाही. तो अदबीनं म्हणाला, काही हरकत नाही, बदलून मिळेल, बन्सी, दुसरे रंग दाखव यांना.

“बदलून नाय पायजे,” सुका म्हणाला. तो चंद्रभानकडं बघतही नव्हता. “याच्याशी बोलाचा हाय.”

मग त्यानं सांगितलं. आवाज अगदी साधा, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. सातपाटीपर्यंत तो पळत गेला. बंदरावर पोचला तेव्हा शेवटची होडी पलीकडं लागत होती आणि पाणी मागं सरलं होतं. त्यानं चिखलात उडी घातली, कमरेपर्यंत रुतला, तिथल्या माणसांनी दोर टाकून ओढून काढला. बाळंतपणात गेलेल्या बाईला फार वेळ ठेवत नाहीत. सासरच्यांनी दुपारभर वाट बघितली, मग उचलली. सुका अलीकडच्या काठावर हे पुडकं घेऊन बसला होता. पलीकडं धूर निघाला, तेव्हा त्याला कळलं. “सासरचा जुना नेसून गेली,” तो म्हणाला. “मुरब्याच्या बायका इचारत व्हत्या, हिला भाऊ नाय काय.”

बन्सीचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या तोंडून निघून गेलं, अहो, तुम्ही बोलला का नाहीत?

त्यासरशी सुका हलला. बारा दिवस जे त्याला आतून कुरतडत होतं ते तेच होतं. बायको म्हणत होती, वाडीतले म्हणत होते, मुरब्याचे तर तोंडावर म्हणाले होते. तुझ्या तोंडाला काय झालं होतं? एक शब्द बोलला असतास तर बहीण उघडी गेली नसती. तो भगवंतच्या आणखी जवळ आला.

“तूच सांग,” तो म्हणाला. “मी बोललो असतो, का बहीन मेली हाय, तर तू उठला असतास ना?”

भगवंतला प्रश्न नीट कळला. उत्तर अगदी सोपं होतं. हो म्हणायचं. हो म्हणणं खोटंही नव्हतं. तो बोलला असता तर मामांसमोरसुद्धा भगवंतला उठावंच लागलं असतं. हो, गड्या, तू बोलायला हवं होतंस, आम्हाला काय ठाऊक. चंद्रभान बाजूला उभा होता, त्यालाही तेच उत्तर हवं होतं. त्यात दुकानाचा दोष नव्हता, पद्धतीचा नव्हता, कुणाचाच नव्हता. बोईसरची किल्ली करंड्याशेजारी राहिली असती. आणि हा माणूस इथून बाहेर पडून जन्मभर काठावर बसून राहिला असता, आपल्याच मुक्या तोंडाला शिव्या देत.

भगवंत खुर्चीवरून खाली उतरला.

“तू बोलायची गरजच नव्हती, सुका,” तो म्हणाला. “मला दारातच कळलं होतं. तू बाकावर बसलास, तेव्हाच मला ठाऊक होतं की लाडकी गेली. भरतीची वेळसुद्धा मला ठाऊक होती. मी उठलो नाही.”

चंद्रभान दबक्या आवाजात म्हणाला, भगवंतराव, आत चला, आत बसून बोलू. भगवंतनं ऐकलं नाही.

“का नाय उठला?” सुकानं विचारलं.

“या शेठनी सांगितलं होतं, खुर्चीवरून उतरलात तर बोईसरचं दुकान जाईल. मला ते दुकान हवं होतं.”

मागं बसलेली एक बाई हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटली. तीस वर्षांत या बाजारात त्याच्या नावाला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि आता त्यानं स्वतःच, भर दुकानात, लावलं होतं. त्याला वाटलं, सुका हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं. पण सुका नुसता त्याच्याकडं बघत राहिला. तो फळीला पाठ लावून खाली जमिनीवरच बसला, आणि बारा दिवसांत बहुधा पहिल्यांदा, मोठ्यानं रडायला लागला. बाकावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. कुणी अपशकुन म्हटलं नाही.

“मंजी मी नाय चुकलो,” तो मधेच म्हणाला.

“नाही. तू नाही चुकलास. मी चुकलो.”

चंद्रभाननं बन्सीला हाक मारली आणि, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं की उद्यापासून बोईसरच्या दुकानाची तयारी त्यानं बघायची. बन्सी हो म्हणाला की नाही, ते भगवंतला ऐकू आलं नाही. तो सुकाच्या काखेत हात घालून त्याला उठवत होता.